फाटकापाशी थांबलेल्या बाबांसाठी

मागच्या महिन्यात एका संध्याकाळी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी माझ्याकडे आली. तिला पुढचं शिक्षण परदेशात घ्यायचं आहे. वडील तिला गाडीवर घेऊन आले होते. ती आत आली आणि ते फाटकापाशी थांबले. मी दोनदा हाक मारली. "मले त्यातलं का समजते जी, मॅडम? तुमी दोघी बोला," असं म्हणून खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसत ते तिथंच उभे राहिले. सव्वा तास उभे होते.

आत मी मुलीला एकेक विचारत होते. आधारकार्डावर तुझं आडनाव एका तऱ्हेनं आणि दहावीच्या सनदेवर दुसऱ्या तऱ्हेनं लिहिलंय, ते कसं झालं? तिला माहीत नव्हतं. तिसरीत शाळा का बदलली? माहीत नव्हतं. सातबारा अजून आजोबांच्याच नावावर आहे का? घराचं वर्षाचं उत्पन्न खरोखर किती? डोक्यावर कर्ज आहे का? प्रत्येक वेळी ती मान हलवायची आणि खिडकीतून फाटकाकडे बघायची. ती दोघं गेल्यावर मी बराच वेळ ओसरीत बसून होते. मी जे विचारलं त्यातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं त्या फाटकापाशी उभी होती, आणि ती उत्तरं ज्याच्याजवळ होती तो माणूस आपल्याला काही समजत नाही म्हणून आत आला नव्हता.

सालेकशातल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या आई-बाबांनो, हे हितगुज त्या संध्याकाळीच मनात सुरू झालं. मी इथल्या मुलांना बरीच वर्षं शिकवते आहे. तालुक्याचं गाव असलं तरी आपण महाराष्ट्राच्या अगदी कडेला आहोत. दरेकशाचा बोगदा ओलांडला की छत्तीसगड लागतं, आणि मध्य प्रदेशची सीमाही लांब नाही. हावड्याहून मुंबईकडे जाणाऱ्या गाड्या दिवसरात्र आपल्या स्टेशनातून धडधडत जातात आणि त्यातल्या मोजक्याच थांबतात. पूर्वी इथली मुलं शिकायला आमगावला नाहीतर गोंदियाला जायची, फार तर नागपूरला. आता त्यातली दोन-चार माझ्याकडे येऊन दबक्या आवाजात लंडनचं, जर्मनीचं, अमेरिकेचं नाव घेतात. आवाज दबका का, तर घरी अजून सांगितलेलं नसतं.

शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात कुरखेडा तालुक्यात चिरचाडी नावाचं गाव आहे. तिथले डॉ. भास्कर हलामी अमेरिकेत मेरिलँड राज्यातल्या एका औषधनिर्मिती कंपनीत वरिष्ठ शास्त्रज्ञ झाले. २०२२ साली देशभरच्या वर्तमानपत्रांत त्यांच्याविषयी छापून आलं. लहानपणी पावसाळ्यात घरात धान्य नसायचं, तेव्हा मोहफुलं शिजवून खाल्ली, असं त्यांनीच सांगितलं होतं. कसनसूरची आश्रमशाळा, मग शिष्यवृत्तीची परीक्षा देऊन यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूरचं शासकीय विद्यानिकेतन, गडचिरोलीला बी.एस्सी., नागपूरच्या विज्ञान संस्थेत एम.एस्सी., आणि त्यानंतर मिशिगन टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीत पीएच.डी., असा त्यांचा प्रवास. मुलांना मी तो नेहमी सांगते. तुम्हाला मात्र त्यातला दुसराच भाग सांगायचा आहे. सातवीनंतर शाळा सुटलेल्या त्यांच्या वडिलांना कळलं, की शंभराहून जास्त किलोमीटरवर कसनसूरच्या शाळेत काम मिळू शकतं. ते मिळेल त्या साधनानं निघाले. पोचले की नाही हे कळायला काही मार्ग नव्हता. तीन-चार महिन्यांनी ते परतले तेव्हाच घरी समजलं, की त्यांना आश्रमशाळेत स्वयंपाक्याची नोकरी लागली आहे. पुढे सगळं कुटुंब तिकडे गेलं आणि पोरांना शाळा मिळाली.

मला ही गोष्ट त्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेपेक्षा मोठी वाटते. त्या घरातून घर सोडून लांब जाणारा पहिला माणूस बाप होता. तुमच्यातल्याही कितीतरी जणांनी हे केलं आहे. रोवणी आटोपली, की कुणी नागपूरला बांधकामावर गेलं, कुणी हैदराबादला, कुणी पुण्याकडे. भाषा येत नव्हती, मुक्कामाचा पत्ता ठाऊक नव्हता, मुकादमानं फसवलं तर काय करायचं हे माहीत नव्हतं. अनोळखी मुलखात पाय कसा रोवायचा हे तुमच्या लेकरांच्या आधी तुम्ही शिकला आहात. मग फाटकाबाहेर का थांबता?

आता अर्ज म्हणजे काय ते सांगते. आपल्याकडे कॉलेजला प्रवेश म्हणजे गुणपत्रिका आणि गुणवत्ता यादी. तिकडे गुण तर बघतातच, पण त्यासोबत एक निवेदन मागतात. स्टेटमेंट ऑफ पर्पज म्हणतात त्याला, पोरं नुसतं एसओपी म्हणतात. एक-दोन पानांत लिहायचं, की मी कोण, हा विषय मला का शिकायचा आहे, याच विद्यापीठात का, आणि शिकून पुढे काय करणार. यातला पहिला प्रश्न सगळ्यात अवघड. आपली मुलं इंटरनेटवरून दुसऱ्याचं निवेदन उतरवतात किंवा मशिनकडून लिहून घेतात. मग सालेकशाचा पोरगा आणि सुरतेचा पोरगा एकच वाक्य लिहितात, की मला लहानपणापासून या विषयाची आवड होती. तिथं बसून शेकडो अर्ज वाचणाऱ्या प्राध्यापकाला ते ओळखायला वेळ लागत नाही.

एका मुलाला शेतीचं अर्थशास्त्र शिकायचं होतं. पहिला मसुदा घेऊन आला तो सगळा भारत कृषिप्रधान देश आहे या थाटाचा. मी त्याला म्हटलं, घरी जा आणि बाबांना एवढंच विचार, की मागच्या हंगामात धान खरेदी केंद्रावर दिलं त्या दिवसापासून चुकारा हातात पडेपर्यंत घरात काय काय झालं. तो चार दिवसांनी आला. बारदाना नाही म्हणून पोती दोन आठवडे उघड्यावर पडून राहिली होती. चुकारा येईना म्हणून आईची पोत गहाण पडली होती. धाकट्या बहिणीची वसतिगृहाची फी उशिरा भरली गेली होती. त्याच घरात तो राहत होता, तरी त्याला यातलं अर्धं ठाऊक नव्हतं. आई-बापानं त्याच्या अभ्यासात व्यत्यय नको म्हणून लपवलं होतं. सरकारी भाव कागदावर चांगला असूनही शेतकरी सावकाराकडे का जातो, हा त्याच्या अभ्यासाचा प्रश्न त्याला त्या चार दिवसांत मिळाला. निवेदन त्यानं पुन्हा नव्यानं लिहिलं. त्यात रडगाणं नव्हतं. घरात जे खरं घडलं ते सांगितलं होतं आणि त्यातून निघालेला प्रश्न मांडला होता.

म्हणून माझी पहिली विनंती ही, की लेकराला तुमचं आयुष्य सांगा. तुम्ही शाळा कुठल्या वर्षी सोडली आणि का. तेंदूपत्त्याच्या हंगामात पहाटे किती वाजता जंगलात जात होता. घरात गोंडी बोलत होतात की पोवारी की छत्तीसगडी, आणि शाळेत गेल्यावर ती भाषा कशी मागे पडली. कचारगडला माघ पौर्णिमेच्या जत्रेला तुमचे आजोबा कसे चालत जात. तुम्हाला वाटतं यात सांगण्यासारखं काय आहे. तुम्ही गरिबी म्हणून झाकून ठेवता ते. पण दया मागायला म्हणून हे सांगायचं नाही, तुमच्या लेकराला स्वतःची ओळख नीट लिहिता यावी म्हणून सांगायचं. ही माहिती जगातल्या कुठल्याही सल्लागाराकडे मिळत नाही.

दुसरं कागदांचं. यात तुमच्याइतकं कुणी उपयोगी पडत नाही. आपल्याकडे नावांचा फार घोळ असतो. शाळेत नाव घालताना गुरुजींनी कानाला ऐकू आलं तसं लिहिलं. पुढे बोर्डाच्या सनदेवर इंग्रजीत एक तऱ्हा आली, आधारवर दुसरी, बँकेच्या पासबुकावर तिसरी. उईके हे आडनाव इंग्रजीत दोन-तीन तऱ्हांनी लिहिलेलं मी एकाच मुलाच्या कागदांवर पाहिलं आहे. गावात याचं काही अडत नाही, कारण सगळे तुम्हाला ओळखतात. परदेशी विद्यापीठाला आणि व्हिसा देणाऱ्या कचेरीला मात्र ते दोन वेगवेगळे लोक दिसतात. म्हणून पासपोर्ट काढण्याआधी सगळी नावं एका ओळीत आणा. दहावीच्या सनदेतली दुरुस्ती शाळेमार्फत बोर्डाकडे जाते, तिला वेळ लागतो, आणि ती दुरुस्ती कॉलेज संपल्यावर करण्यापेक्षा आत्ता करणं सोपं. पासपोर्ट मोठ्या माणसाला दहा वर्षांचा मिळतो. परदेशी जायचं नक्की झाल्यावर काढू, असं म्हणत थांबू नका. जातीचा दाखला असेल तर जात वैधता प्रमाणपत्राचं काम बारावीतच मार्गी लावा, आणि उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलमध्ये ऐन शेवटच्या आठवड्यात धावू नका.

वेळ किती लागतो हे आपल्या वर्षाच्या हिशेबानं सांगते, म्हणजे लक्षात राहील. सप्टेंबरात वर्ग सुरू व्हायचे असतील तर आदल्या वर्षीच्या पोळ्याला तयारीला लागायचं. कोणता विषय, कुठली विद्यापीठं, कुठली शिष्यवृत्ती, याची यादी तेव्हा हवी. ज्यांनी नोकरीत किंवा कामात दोन वर्षं काढली आहेत त्यांच्यासाठी ब्रिटन सरकारची चेव्हनिंग ही शिष्यवृत्ती आहे, तिचा अर्ज साधारण ऑगस्टमध्ये उघडून ऑक्टोबरात बंद होतो. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, तोवर इंग्रजीची परीक्षा उरकलेली बरी. आयईएल्टीएस नावाची ती परीक्षा द्यायला नागपूरला जावं लागतं, फी अठरा हजारांच्या घरात आहे, आणि तिचा निकाल दोनच वर्षं चालतो. म्हणून फार आधी देऊनही उपयोग नाही. ब्रिटनमधली काही विद्यापीठं बारावीच्या इंग्रजीच्या चांगल्या गुणांवरही भागवतात, तेव्हा आधी विद्यापीठाला ईमेल करून विचारावं आणि मगच अठरा हजार भरावेत. संक्रांतीपर्यंत अर्ज गेले पाहिजेत. कचारगडच्या जत्रेच्या सुमारास उत्तरं येऊ लागतात. मोह वेचण्याच्या दिवसांपासून तेंदूपत्ता संपेपर्यंत शिष्यवृत्त्यांच्या जाहिरातींवर डोळा ठेवायचा. रोवणीच्या चिखलात तुम्ही असाल तेव्हा पोरगं व्हिसाच्या कागदांत असेल. आणि पुन्हा पोळा येईल तेव्हा घरात बॅग भरली जात असेल.

या सगळ्यात प्राध्यापकांची शिफारसपत्रं म्हणून एक प्रकार असतो. विद्यापीठ थेट प्राध्यापकांच्या ईमेलवर दुवा पाठवतं आणि ते पत्र त्यांनी स्वतः चढवायचं असतं. आपल्याकडचे काही प्राध्यापक "तूच लिहून आण, मी सही करतो" म्हणतात. मी माझ्या सहकाऱ्यांनाही सांगते, असं करू नका. ज्यानं त्या मुलाला प्रयोगशाळेत रात्री आठपर्यंत थांबलेलं पाहिलं आहे त्यानंच ते लिहावं.

आता पैशाचं बोलते, आणि इथं मला माझ्या घरातलं सांगावं लागेल.

काही वर्षांपूर्वी माझ्या लेकीला ब्रिटनमधल्या एका विद्यापीठाचं बोलावणं आलं. घरात आनंद मावेना. तिनं विचारलं, "आई, आपल्याला जमेल ना?" मी म्हटलं, "तू अभ्यासाकडे बघ, पैशाचं आम्ही बघू." त्या वेळी घराच्या बांधकामाचं कर्ज फिटायचं होतं आणि तिच्या बाबांच्या आजारपणात ठेव मोडली होती. तिला यातलं काही माहीत नव्हतं. माझ्या शब्दावर विश्वास ठेवून तिनं शिष्यवृत्तीचे दोन अर्ज अर्धवट सोडले. जागा राखून ठेवण्यासाठी दोन हजार पौंड आम्ही भरले. जून उजाडला तेव्हा बाकीची रक्कम उभी राहणार नाही हे दिसायला लागलं. ते दोन हजार पौंड परत मिळाले नाहीत. तिचं वर्ष गेलं. ती मला एकच वाक्य बोलली, "आई, मला आधी सांगितलं असतंस तर मी दुसरीकडे अर्ज केला असता." त्या वाक्याची वेदना अजून गेलेली नाही. मी तिला दुखवू नये म्हणून खोटं बोलले होते, आणि सगळ्यात जास्त दुखापत त्यानंच झाली. पुढच्या वर्षी आम्ही तिघं जेवणाच्या ताटांवर वही घेऊन बसलो. कर्ज किती, पगार किती, कुठं किती शक्य आहे, सगळं तिच्यासमोर मांडलं. तिनं स्वतः यादीतली निम्मी नावं कापली. मग जे उरलं त्यातून तिला वाट सापडली.

तुम्हीही वही घ्या. लेकरू वीस-एकवीस वर्षांचं झालं आहे, त्याला घराचा हिशेब झेपतो.

त्या वहीत एक ओळ लाल शाईनं लिहा, की शेत विकायचं नाही. माझ्यासमोर किती बाप म्हणाले असतील, "बांधी विकून टाकू, पण पोराला पाठवू." त्यामागची माया मला कळते. पण बांधी गेली तर धाकटी भावंडं आणि म्हातारपण कशावर उभं राहील? शैक्षणिक कर्जाला बँका शेतजमीन सहसा तारण म्हणून धरत नाहीत. आदिवासी खातेदाराची जमीन तर सरकारी मंजुरीशिवाय बिगर-आदिवासीच्या नावे होतच नाही. तेव्हा कुणी कोऱ्या कागदावर अंगठा मागून लाखो रुपये द्यायला तयार झाला, तर तो तुमच्या पोराच्या शिक्षणासाठी आलेला नाही, तुमच्या जमिनीसाठी आला आहे. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला सरकारी बँकेत सहसा तारण लागत नाही, त्याची चौकशी करा. पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजना मात्र देशातल्या संस्थांसाठी आहे, परदेशासाठी नाही, यात गफलत होते. जर्मनीत फी नाही असंही पोरं सांगतात. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत ते खरंही आहे. पण व्हिसासाठी वर्षाच्या राहण्याखाण्याचे ११,९०४ युरो, म्हणजे बारा लाख रुपयांहून जास्त, आधीच एका बंद खात्यात ठेवावे लागतात आणि तिथं गेल्यावर ते महिन्या-महिन्यानं मिळतात. "तिकडे काम करून फी भरीन" या बोलण्यावर तर अजिबात विसंबू नका. ब्रिटनमध्ये सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही. त्यातून भाजीपाल्याचं भागतं, फीचं नाही.

आपल्यासारख्या घरांसाठी खरा मार्ग शिष्यवृत्तीचा आहे, आणि तो नवा नाही. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली म्हणून १९१३ साली बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोचले. शिष्यवृत्तीची मुदत संपली तेव्हा लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून १९१७ साली त्यांना परतावं लागलं. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत झाली, मित्राकडून उसने घेतले, आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. हेच बाबासाहेब १९५४ साली आपल्या भंडाऱ्याची पोटनिवडणूक लढवायला इकडे आले होते. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होता. इथल्या काही घरांत त्या दौऱ्याच्या आठवणी अजून सांगतात. त्याच सुमारास, १९५४-५५ मध्ये, केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती सुरू झाली. आज त्या योजनेत वर्षाला १२५ जागा आहेत, त्यातल्या ११५ अनुसूचित जातींसाठी, आणि उरलेल्या भटक्या-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागिरांच्या मुलांसाठी. भूमिहीन शेतमजुराच्या मुलासाठी जागा आहे, हे आपल्या तालुक्यात किती जणांना ठाऊक आहे? अनुसूचित जमातींसाठी केंद्राच्या आदिवासी मंत्रालयाच्या वेगळ्या २० जागा आहेत. राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती अनुसूचित जातींसाठी २००३ पासून चालू आहे. राज्याचा आदिवासी विकास विभाग आणि इतर मागास बहुजन कल्याण विभागही मुलं पाठवतात. आपल्या भागातल्या आदिवासी मुलांनी देवरीच्या प्रकल्प कार्यालयात जाऊन विचारावं. उत्पन्नाची मर्यादा आणि विद्यापीठाच्या क्रमांकाची अट योजनेप्रमाणे बदलते, तेव्हा त्या वर्षीची जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची.

आणि शिष्यवृत्ती लागली तरी दुसरी वाट तयार ठेवायची. २०२५ च्या जुलैत केंद्राच्या याच १२५ जागांच्या योजनेत १०६ जणांची निवड जाहीर झाली आणि पत्रं सुरुवातीला चाळीसच जणांना मिळाली, बाकीच्यांना निधी आल्यावर बघू असं सांगण्यात आलं. ती घरं त्या आठवड्यांत कशी झोपली असतील याचा विचार करून मला गलबलून येतं.

याच कारणासाठी चौकात फ्लेक्स लावण्याची घाई करू नका. एका गावात मुलाला विद्यापीठाचं पत्र आलं. ते सशर्त होतं, अजून निकाल आणि पैशाची हमी दाखवायची होती. पण गावानं हौसेनं फ्लेक्स लावला, शाळेत सत्कार झाला, नारळ-शाल दिली. पुढे शिष्यवृत्तीच्या यादीत नाव आलं नाही. तो फ्लेक्स उन्हानं पांढरा पडेपर्यंत चौकात होता, आणि तो मुलगा किराणा आणायलाही मागच्या वाटेनं जायचा. गावाचं प्रेम खरं होतं. पण व्हिसा मंजूर होईपर्यंत ही गोष्ट घरातच असू द्यावी. नकाराचं पत्र आलं तर ते घरातच पचवता येतं आणि पुढच्या पोळ्याला पुन्हा सुरुवात करता येते.

शहरातल्या सल्लागारांविषयीही सांगितलं पाहिजे. "फुकट मार्गदर्शन" अशी पाटी असते. ते फुकट कसं परवडतं? काही परदेशी विद्यापीठं त्यांना प्रत्येक प्रवेशामागे कमिशन देतात. त्यात बेकायदा काही नाही, पण मग जी विद्यापीठं कमिशन देत नाहीत त्यांचं नाव तुमच्यासमोर सहसा येत नाही, आणि फी नसलेली तर त्याहून कमी. कुणी व्हिसाची गॅरंटी दिली, अनुभवाचा खोटा दाखला "करून देतो" म्हणाला किंवा मूळ कागद ठेवून घ्यायला लागला, तर तिथून उठून यायचं. २०२३ साली कॅनडात शिकायला गेलेल्या, बहुतेक पंजाबच्या, मुलांवर देशातून काढून टाकण्याची पाळी आली, कारण दलालानं दिलेली प्रवेशपत्रंच बनावट निघाली. कित्येकांना ते तिथं राहून शिकून झाल्यावर कळलं. विद्यापीठाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर अर्ज करता येतो, शंका ईमेलनं विचारता येते, आणि अर्जाची फी परवडत नसेल तर ती माफ करा असं लिहिताही येतं. अमेरिकेतली काही विद्यापीठं खरोखर माफ करतात. विचारायला लाजायचं कारण नाही.

मोफत मदत करणारेही आहेत. बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंपरी खंदारे गावचे राजू केंद्रे चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला शिकून आले. त्यांनी सुरू केलेली एकलव्य ही संस्था पहिल्या पिढीत शिकणाऱ्या मुलांना उच्च शिक्षणासाठी हात देते, परदेशाच्या अर्जांसाठीसुद्धा. आपल्यासारख्याच गावातून गेलेल्या पोरांनी मागच्या पोरांसाठी दिवा धरला आहे.

आयांशी मला वेगळं बोलायचं आहे. तुम्ही माझ्याकडे येता तेव्हा पैशाचं विचारत नाही. तुम्ही विचारता, "एकटी पोरगी, मॅडम, तिथं आजारी पडली तर?" आणि मुलीसमोर मात्र हेच वाक्य तुमच्या तोंडून "आधी लग्नाचं बघू" असं होऊन बाहेर पडतं. तिला वाटतं, आई आडवी येते आहे. तुमच्या पोटात भीती आहे, तर भीती म्हणूनच सांगा. मग ती तुम्हाला सांगू शकेल, की ब्रिटनच्या व्हिसासोबतच तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचे पैसे भरून घेतात आणि मग तिथले डॉक्टर तिला तपासतात, की वसतिगृहाची खोली आधीच ठरते, की तिच्याआधी गेलेल्या मराठी मुली तिथं आहेत आणि त्यांच्याशी ती फोनवर बोलली आहे. तिच्याजवळ उत्तरं असतात, प्रश्न तिच्यापर्यंत पोचत नाही. आणि मुलगा असो की मुलगी, भात, वरण आणि एक भाजी करायला या वर्षी शिकवून ठेवा. माझ्या लेकीनं पहिल्या आठवड्यात फोन केला तो भाताला पाणी किती घालायचं हे विचारायला. तो तांदूळ आपल्याकडच्यासारखा नव्हता, म्हणून चुकत होतं. आम्ही दोघी त्या भातावर अर्धा तास बोललो.

शेवटचा प्रश्न कुणी मोठ्यानं विचारत नाही. गेलेलं लेकरू परत येईल का? काही शिष्यवृत्त्यांत परत येण्याची अटच असते, चेव्हनिंगवाल्याला दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं. बाकीच्यांचं कुणी सांगू शकत नाही, मीही नाही. माझी लेक येईल की नाही हे मला ठाऊक नाही. ती दर रविवारी फोन करते, आणि मी रविवारी संध्याकाळी कुठं जात नाही.

त्या मुलीला मी येत्या शनिवारी पुन्हा बोलावलं आहे. सोबत काय आणायचं त्याची यादी दिली आहे. दहावी-बारावीच्या सनदा, शाळा सोडल्याचा दाखला, सगळ्यांची आधारकार्डं, सातबारा, बँकेचं पासबुक आणि एक कोरी वही. यादीच्या खाली मी बाबांचं नाव लिहिलं आहे, आणि ओसरीत तिसरी खुर्ची टाकून ठेवणार आहे.